जुना वर्कस्टेशन लॅपटॉप : घ्यायचा कसा, उघडायचा कसा, वाढवायचा कसा

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका पॅटर्न शॉपसाठी (जिथं ओतकामाच्या साच्यांचे नमुने बनतात) मी कास्टिंगची थ्रीडी मॉडेल्स करते. पंपाची बॉडी, व्हॉल्व्हची बॉडी, त्यांचे कोअर बॉक्स, असं सगळं. गेली सहा वर्षं हे काम जुन्या वर्कस्टेशन लॅपटॉपवरच चाललंय. दरवर्षी इंजिनिअरिंगचे प्रवेश सुरू झाले की ओळखीपाळखीतून फोन येतात : "ताई, नवीन लॅपटॉप लई महाग सांगत्यात. जुना घेतला तर पोराचं काम भागंल का?"

भागतं. पण माझा पहिला व्यवहार चुकला होता. त्या मशीनवर साधी असेंब्ली फिरवायची म्हटलं तरी चित्र अडखळायचं. तीन आठवडे मी सॉफ्टवेअरला दोष देत बसले. खरं कारण होतं दुकानदारानं दिलेला अडॅप्टर. तो मशीनला ओळखूच येत नव्हता, म्हणून मशीन स्वतःला रोखून धरत होतं. हे कुणी आधी सांगितलं असतं तर ते तीन आठवडे वाचले असते. म्हणून हे सगळं क्रमानं लिहून ठेवतेय.

वर्कस्टेशन लॅपटॉप म्हणजे डेलचे प्रिसिजन, एचपीचे झेडबुक आणि लेनोवोचे थिंकपॅड पी मालिकेतले (२०१५ च्या आधी डब्ल्यू मालिकेतले). मोठ्या कंपन्या ते घेतात, काही वर्षं वापरतात आणि घाऊक भावात काढून टाकतात. तोच माल मुंबई, पुणे, बंगळुरूच्या व्यापाऱ्यांकडून आपल्या राजारामपुरी-शाहूपुरीच्या दुकानांत येतो. वजनाला जड असतात, अडॅप्टर तर विटेएवढा. पण स्क्रू काढले की उघडतात, रॅमला चार खाचा असतात, दोन-तीन डिस्क बसतात. आजच्या पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बऱ्याचदा बोर्डावरच डकवलेली असते, तिथं हे सुख नाही.

पायरी १ : आधी काम ठरवा

एका कागदावर तुमची सॉफ्टवेअरं लिहा आणि समोर सगळ्यात मोठ्या फाईलचा आकार. ऑटोकॅडमध्ये टूडी ड्रॉइंग, सॉलिडवर्क्समध्ये पन्नास-शंभर भागांची असेंब्ली, व्हिडिओ एडिटिंग, ब्लेंडर : प्रत्येकाची भूक वेगळी. सॉलिडवर्क्समध्ये मॉडेल तयार करताना मुख्यतः प्रोसेसरचा एकच कोअर राबतो, त्यामुळं तिथं कोअरच्या संख्येपेक्षा एका कोअरचा वेग महत्त्वाचा. रेंडरिंगला मात्र सगळे कोअर कामाला लागतात. रोज गोकुळ शिरगावला दुचाकीवरून ने-आण करायची असेल तर अडीच-तीन किलोचं ओझं पाठीवर सोसणार का, हेही लिहा.

पायरी २ : पिढी ओळखा

दुकानदार "आय-सेव्हन आहे" एवढंच सांगतो. त्यावरून काही कळत नाही. पुढचा आकडा बघा. आय७-६८२०एचक्यू म्हणजे सहावी पिढी, आय७-८८५०एच म्हणजे आठवी. शेवटची अक्षरंही बघा : एचक्यू, एच किंवा एमक्यू असेल तर ताकदीचा प्रोसेसर, यू असेल तर कमी विजेवर चालणारा.

बाजारात ढोबळमानानं तीन थर दिसतात.

पहिला थर २०१२ ते २०१४ चा : थिंकपॅड डब्ल्यू५३०, प्रिसिजन एम४८००, झेडबुक १५ चे पहिले दोन अवतार. तिसरी-चौथी पिढी, डीडीआर३ रॅम, जास्तीत जास्त ३२ जीबी, ग्राफिक्स बहुधा एनव्हिडियाच्या क्वाड्रो के मालिकेतलं. बांधणी भक्कम आहे, पण आज पैसे घालून हा थर घेऊ नका. घरात आधीच असेल तर लिनक्स घालून जरूर वापरा.

दुसरा थर २०१५ ते २०१७ चा : थिंकपॅड पी५०, पी५१, प्रिसिजन ७५१०, ७५२०, झेडबुक १५ जी३, जी४. सहावी-सातवी पिढी, डीडीआर४, ६४ जीबीपर्यंत रॅम, एनव्हीएमई एसएसडी (फिरत्या डिस्कऐवजी चिपवाली वेगवान डिस्क). माझा आत्ताचा पी५० याच थरातला आणि माझं काम तो आजही निभावतो. अडचण एकच, विंडोज ११ च्या अधिकृत यादीत हे प्रोसेसर बसत नाहीत. सातव्या पिढीतले मोजके अपवाद आहेत, पण त्यांच्या भरवशावर खरेदी करू नका. त्याबद्दल पायरी ८ मध्ये सांगते.

तिसरा थर २०१८ पासूनचा : थिंकपॅड पी५२, प्रिसिजन ७५३०, झेडबुक १५ जी५. आठवी पिढी, सहा कोअरवाले प्रोसेसर, विंडोज ११ अधिकृतपणे चालतं. आज नव्यानं घेणाऱ्यानं थोडे पैसे जास्त गेले तरी इथूनच सुरुवात करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

एका अक्षरानं फसगत होते, तेवढी लक्षात ठेवा. पी५० आणि पी५०एस ही दोन वेगळी मशीन आहेत. ‘एस’वाल्यात यू प्रोसेसर आणि रॅमला दोनच खाचा. झेडबुक १५यू चंही तसंच. प्रिसिजनमध्ये ३५१० आणि ७५१० यांच्यात पहिल्या आकड्याचाच फरक, पण ३५१० मध्ये रॅमच्या खाचा दोन आणि ७५१० मध्ये चार. जाहिरातीत हे आकडे घाईघाईनं चुकीचे छापलेले असतात, म्हणून मशीनवरचंच नाव वाचा.

पायरी ३ : दुकानात बसून तपासा

किमान एक तास हाताशी ठेवा. दुकानदार चहा मागवेल, जरूर घ्या, पण तपासणी सोडू नका. सोबत न्यायच्या गोष्टी :

- १६ जीबीचा पेनड्राइव्ह, त्यात लिनक्स मिंट बूट होईल असं टाकलेलं
- दुसऱ्या पेनड्राइव्हमध्ये एचडब्ल्यूइन्फो (तापमान दाखवणारं) आणि क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची प्रकृती दाखवणारं) ही सॉफ्टवेअरं
- तुमची सगळ्यात जड फाईल
- हेडफोन, यूएसबी माउस, एचडीएमआय केबल
- मोबाईलचं हॉटस्पॉट

सगळ्यात आधी बायोस, म्हणजे मशीन चालू होताना विंडोजच्या आधी मिळणारी सेटिंग्ज, उघडा. तिथं सुपरवायझर किंवा ॲडमिन पासवर्ड मागितला तर लॅपटॉप परत द्या आणि दुसरा मागा. "नंतर काढून देतो" यावर विसंबू नका. बऱ्याच मॉडेलमध्ये तो पासवर्ड बोर्डावरच्या चिपमध्ये असतो, बॅटरी काढून जात नाही. बायोसमधला सिरियल नंबर आणि खालच्या स्टिकरवरचा नंबर जुळतोय का, तेही तिथंच बघा. जुळत नसेल तर बोर्ड किंवा बॉडी बदललेली आहे.

मग कंपनीचं कुलूप. आधीच्या मालक कंपनीनं तो लॅपटॉप आपल्या खात्याला बांधलेला असेल, तर विंडोज नव्यानं टाकून इंटरनेट जोडल्यावर पडद्यावर त्या कंपनीचं नाव येतं आणि तिथलाच लॉगिन मागितला जातो. डिस्क बदलली तरी हे जात नाही, कारण नोंद हार्डवेअरची असते. म्हणून दुकानदाराला सांगा, "माझ्यासमोर रीसेट करा आणि माझ्या हॉटस्पॉटला जोडा." पाऊण तास जाईल, तो जाऊ द्या.

आता अडॅप्टर. माझी चूक इथं झाली होती. या लॅपटॉपांना सहसा १७० ते १८० वॅट लागतात. ग्राफिक्स कार्डाप्रमाणे थोडं कमी-जास्त. पी५० ला १७०, प्रिसिजन ७५१० ला १८०. दुकानात पिन बसते म्हणून ९० किंवा १३० चा अडॅप्टर हातात देतात. डेलच्या पिनच्या मध्यभागी एक बारीक तार असते, तिच्यातून अडॅप्टर आपली ओळख लॅपटॉपला सांगतो. ती ओळख पटली नाही तर सुरू होताना तसा संदेश येतो, बॅटरी चार्ज होत नाही आणि प्रोसेसर जाणूनबुजून खालच्या वेगावर धरला जातो. ओळखायचं कसं? टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स उघडा, तुमची जड फाईल चालवा आणि स्पीडचा आकडा बघा. आय७-६८२०एचक्यूचा मूळ वेग २.७ गिगाहर्ट्झ आहे, जोर लागला की तो ३.६ पर्यंत जातो. आकडा ०.७८ च्या आसपासच खिळून राहिला तर अडॅप्टरवर संशय घ्या. माझा बरोबर तिथंच अडकला होता.

त्याच पडद्यावर मेमरीवर क्लिक केलं की किती खाचा भरल्यात ते दिसतं. चारपैकी दोन खाचा बहुतेक मॉडेलमध्ये कीबोर्डखाली असतात, त्यामुळं दुकानदारानंही त्या कधी उघडलेल्या नसतात. शक्य असेल तर चारही खाचांत रॅम घालून एकदा चालवून बघायला सांगा. मेलेली खाच घरी गेल्यावर सापडली की भांडणाला अर्थ उरत नाही.

बाकीचं भराभर : क्रिस्टलडिस्कइन्फोत डिस्कची प्रकृती, नोटपॅडमध्ये प्रत्येक कळ, प्रत्येक यूएसबी, पांढऱ्या पडद्यावर डाग, बिजागरी ढिली आहे का. टचपॅड वर उचललेला दिसला किंवा तळ फुगीर वाटला तर आतली बॅटरी फुगलीय. अशी बॅटरी लावून मशीन चालूसुद्धा करू नका. कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजीचा बॅटरी रिपोर्ट काढला की मूळ क्षमता आणि आत्ताची क्षमता शेजारी शेजारी दिसतात. निम्म्याच्या खाली असेल तर नव्या बॅटरीचे पैसे किमतीतून वजा करायला सांगा.

शेवटी कागद. पक्कं बिल, त्यावर मॉडेल आणि सिरियल नंबर, वॉरंटी किती दिवसांची आणि कशाची हे लिहून, सही-शिक्क्यासह. व्यक्तीकडून घेत असाल तर साध्या कागदावर विक्रीपत्र आणि ओळखपत्राची प्रत घ्या. पैसे खात्यातून द्या म्हणजे नोंद राहते.

पायरी ४ : काहीही बदलण्याआधी एक दिवस मोजा

घरी आणल्या आणल्या रॅमची ऑर्डर देऊ नका. एक दिवस नेहमीचं काम करा आणि बाजूला एचडब्ल्यूइन्फो चालू ठेवा. तीन आकडे लिहून घ्या : प्रोसेसरचं कमाल तापमान, रॅम किती भरली, आणि डिस्क शंभर टक्क्यांवर किती वेळा गेली. माझ्या पी५० मध्ये पहिल्या दिवशी तापमान ९७ अंशांवर होतं आणि रॅम निम्मीसुद्धा भरत नव्हती. १०० अंश ही त्या प्रोसेसरची हद्द, तिथं पोचला की तो वेग कमी करतो. मी रॅमवर खर्च केला असता तर मशीन तसंच अडखळत राहिलं असतं.

पायरी ५ : उघडा आणि साफ करा

सगळ्यात कमी खर्चात सगळ्यात जास्त फरक इथं पडतो. लागणारं सामान :

- फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, शून्य आणि एक नंबरचे
- प्लास्टिकची पातळ पट्टी (जुनं सिमकार्डाचं कव्हरही चालतं)
- ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड
- चांगली थर्मल पेस्ट
- मऊ ब्रश
- इडलीची ताटली

इडलीची ताटली स्क्रूंसाठी. प्रत्येक खळग्यात एका भागाचे स्क्रू ठेवा, कारण त्यांची लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर तो बोर्डात घुसतो. तिन्ही कंपन्या आपल्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल फुकट देतात. तुमच्या मॉडेलचं आधी उतरवून घ्या आणि चित्रं बघत चला.

लॅपटॉप बंद करा, अडॅप्टर काढा, बॅटरी काढा किंवा आतला जोड सोडवा, मग पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा. पंखे काढल्यावर जाळी आणि पंखा यांच्यामध्ये धुळीचा नमद्यासारखा थर दिसेल, तो हातानं उचला. ब्रश फिरवताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा. घरचा व्हॅक्यूम क्लीनर लावू नका, त्यानं स्थिर वीज तयार होते.

आपल्याकडच्या फौंड्रीवाल्यांसाठी हे खास. माझा लॅपटॉप पहिल्यांदा उघडला तेव्हा आत काळी भुकटी होती. मला वाटलं कोअरची वाळू. दुरुस्तीवाल्या मामांनी चुंबकाचं टोक असलेला स्क्रूड्रायव्हर जवळ नेला, तर भुकटी टोकाला चिकटली. "ताई, ही वाळू न्हवं, लोखंडाची पूड हाय. बोर्डावर बसली तर शॉर्ट हुईल." तेव्हापासून मी फेटलिंग (कास्टिंगच्या कडा साफ करणं) आणि ग्राइंडिंगच्या जागी लॅपटॉप उघडत नाही. मोजमापं कागदावर घेते आणि ऑफिसात येऊन भरते. तुम्हीही तसंच करा, आणि शॉप फ्लोअरवर नेणं टळत नसेल तर दर तीन महिन्यांनी उघडून साफ करा.

पेस्ट बदलताना हीटसिंकचे स्क्रू त्यावर छापलेल्या क्रमांकाप्रमाणे लावा; काढताना उलट क्रम. एकच स्क्रू पूर्ण पिळू नका, सगळे थोडे थोडे आवळत न्या. जुनी पेस्ट अल्कोहोलनं पूर्ण पुसा. नवी मटाराच्या लहान दाण्याएवढी पुरे. ग्राफिक्सच्या मेमरीवर मऊ निळसर-राखाडी चौकोनी पॅड असतात, ते फाटू देऊ नका आणि त्यांच्या जागी पेस्ट भरू नका, कारण तिथली फट पेस्टनं भरून निघत नाही. माझं तापमान ९७ वरून ८२ वर आलं, तेही मे महिन्यात.

पायरी ६ : एसएसडी

अजून फिरती हार्ड डिस्क असेल तर ती काढणं हे पहिलं खरं अपग्रेड. इथला घोळ म्हणजे तीन वेगवेगळ्या गोष्टी सारख्याच दिसतात. पहिल्या थरातल्या मशीनला एमसाटा किंवा अडीच इंची साटा लागते. दुसऱ्या आणि तिसऱ्या थरात एम-डॉट-टू खाच असते. त्या खाचेत बसणारी प्रत्येक एसएसडी एनव्हीएमई नसते, काही साटा असतात. साटाचा वेग सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास थांबतो, तर या मशीनमधली एनव्हीएमई साधारण ३,५०० पर्यंत जाते. घेताना पाकिटावर ‘एनव्हीएमई’ हा शब्द वाचा. महागडी चौथ्या पिढीची एनव्हीएमई (ही एसएसडीची पिढी, प्रोसेसरची नव्हे) घेतली तर ती चालेल, पण तिसऱ्या पिढीच्याच वेगानं, म्हणजे जास्तीचे पैसे वाया.

जुनी अडीच इंची डिस्क फेकू नका. तिच्या जागेत ती बॅकअपसाठी राहू द्या.

पायरी ७ : रॅम

पायरी ४ चा कागद काढा. रॅम ८०-८५ टक्क्यांवर भरत असेल तरच ही पायरी. २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव बरेच चढलेत, त्यामुळं हौसेनं ६४ जीबी भरण्याचे दिवस नाहीत. माझ्या कामाला ३२ जीबी पुरतात.

जोडीनं घाला. एक १६ पेक्षा दोन ८ बरे, दोन मार्गांनी माहिती ये-जा करते. चौथ्या पिढीच्या प्रोसेसरवाल्या लॅपटॉपला १.३५ व्होल्टची डीडीआर३एल लागते, साधी १.५ व्होल्टची डीडीआर३ खाचेत बसते पण मशीन तिच्यावर नीट चालत नाही. आणखी एक सापळा : स्वस्तात मिळणारी ‘ईसीसी’ लिहिलेली रॅम. ती झिऑन प्रोसेसरवाल्या मॉडेलसाठी असते, आय७ ला ती चालत नाही. नवी रॅम घातल्यावर रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारं सॉफ्टवेअर) लावून ठेवा. एक जरी चूक दिसली तरी दुसऱ्या दिवशी परत करा.

पायरी ८ : विंडोज की लिनक्स

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरकर्त्यांना सुरक्षेचे वाढीव अपडेट त्यानंतर आणखी एक वर्ष मिळतात, तेवढीच मुदत. आठव्या पिढीच्या मशीनवर बायोसमध्ये टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि सिक्युअर बूट चालू करा आणि सरळ ११ टाका. सहाव्या-सातव्या पिढीवर अटी चुकवून ११ बसवून देणारे बरेच आहेत. बसतं खरं, पण पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ज्या मशीनवर ग्राहकाची ड्रॉइंग्ज आणि बँकेचे व्यवहार आहेत त्यावर मी हा मार्ग घेत नाही.

माझ्या पी५० वर आता लिनक्स मिंट २२ आहे, त्याला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. फ्रीकॅडची १.० आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली, तेव्हापासून माझं बरंचसं पॅटर्नचं काम त्यात होतं. पण सॉलिडवर्क्स फक्त विंडोजवर चालतं. ग्राहकाला त्याच फाईली हव्या असतील तर तिसऱ्या थराचं मशीन घ्या, त्यात तडजोड नाही.

ग्राफिक्सबद्दल : क्वाड्रो के मालिकेतल्या केप्लर कार्डांना एनव्हिडियाचा ४७० मालिकेतला ड्रायव्हर शेवटचा. क्वाड्रोच्याच एम आणि पी मालिकेला ५८० शेवटचा. लिनक्सवर आपोआप सुचवलेला सगळ्यात नवा ड्रायव्हर घेऊन पडदा काळा झाला तर कारण बहुधा हेच, एम-पी कार्डाला ५८० आणि केप्लरला ४७० निवडा. विंडोजमध्ये मात्र एक गोष्ट हमखास विसरली जाते. या लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स असतात आणि सॉफ्टवेअर बऱ्याचदा इंटेलच्या साध्या ग्राफिक्सवर चालतं. सेटिंग्जमध्ये डिस्प्ले, मग ग्राफिक्स, तिथं तुमचं कॅड सॉफ्टवेअर जोडा आणि ‘हाय परफॉर्मन्स’ करा.

पायरी ९ : याला हात लावू नका

पहिल्या थरातल्या मशीनमध्ये प्रोसेसर बदलता येतो, त्यानंतरच्यात तो बोर्डाला डकवलेला आहे. ग्राफिक्स कार्ड काही मॉडेलमध्ये सुटं असतं, पण हीटसिंकचा आकार, बायोस आणि अडॅप्टरचे वॅट हे सगळं जुळावं लागतं. त्या पैशात पुढच्या थरातलं मशीन येतं. थिंकपॅड डब्ल्यू५३० मध्ये वाय-फाय कार्डसुद्धा बायोसच्या यादीतलंच लागतं, दुसरं घातलं तर मशीन सुरूच होत नाही.

पायरी १० : वीज आणि पाऊस

तीन पिनांचा प्लग आणि नीट अर्थिंग असलेला बोर्ड वापरा. दोन पिनांचा जोड लावला की धातूच्या भागाला हात लागल्यावर झिणझिण्या येतात. तशा आल्या तर वायरमनला बोलवा. वेल्डिंग चालू असलेल्या लाइनवर अडॅप्टर लावू नका.

जून ते सप्टेंबर लॅपटॉप दिवसेंदिवस बॅगेत बंद ठेवू नका. भिजून आलेल्या बॅगेतून काढला तर पंख्याखाली उघडा ठेवून तास-दोन तास वाळू द्या, मग चालू करा. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि त्या दर पावसाळ्यात बदला. मी तारीख पुडीवरच पेननं लिहिते. थर्मल पेस्ट शेवटची कधी बदलली ती तारीख झाकणाच्या आतल्या बाजूला, कागदी चिकटपट्टीवर.